श्रावणातली तारीख

अण्णा, तुमच्या खोलीतला बल्ब अजून चालू आहे.

तेरावं आटोपल्यावर प्रदीप आला, दोन पिशव्या भरून तुमचं सामान घेऊन गेला, दाराला नवं कुलूप लावलं आणि जाताना बल्ब तेवढा पेटता ठेवला. विसरला नाही, मुद्दाम ठेवला. तुमचाच मुलगा तो. लाइटचं बिल येत राहिलं की खोली वापरात नाही असं मालकाला म्हणता येत नाही, हे त्याला तुम्हीच शिकवलंत. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दाराच्या फटीतून पिवळा उजेड जिन्याच्या वरच्या दोन पायऱ्यांवर पडतो. संध्याकाळी मी दार लोटायला येते तेव्हा नजर वर जातेच. वर कोणी नाही हे ठाऊक असून जाते.

तुम्ही मला दोन नावांनी हाक मारायचात. खुशीत असलात की बेबी, आणि भांडायचं असलं की मालकीणबाई. गिरगावातली ही नऊ खोल्यांची चाळ भाऊंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मागे माझ्या गळ्यात पडली, तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात कारकून होते. मला भाडेकरू म्हणजे काय ते माहीत होतं, पण मालक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते मला तुम्ही शिकवलंत. हसू येतं त्याचं, कारण भाऊंच्या विरोधात चाळीतला प्रत्येक तक्रारअर्ज तुमच्याच अक्षरात यायचा. पाण्याची टाकी धुतली नाही, जिन्याचा कठडा हलतो, गच्चीच्या दाराला कडी नाही. सरकारी कचेरीत आवक-जावकला हयात काढलेले तुम्ही, त्यामुळे अर्जाच्या डोक्यावर जावक क्रमांक, पायाशी तारीख आणि त्याखाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून उरलेल्या सगळ्या भाडेकरूंची नावं. भाऊ तो कागद वाचून कपाळाला हात लावायचे आणि मग सुताराला बोलवायचे. ती फाईल माझ्याकडे आहे. काल काढून बसले होते. तुमचं अक्षर शेवटपर्यंत हललं नाही.

आणि तारीख. तुमचा सगळा जीव त्या तारखेत. एकदा जानेवारीत मी भाड्याच्या पावतीवर सवयीने मागचं वर्ष लिहून गेले. दहा मिनिटांत पावती घेऊन तुम्ही खाली हजर.

“मालकीणबाई, हा कागद परत घ्या.”

“अहो अण्णा, वर्ष चुकलंय फक्त. खोडून नीट करते ना.”

“खाडाखोड नाय. नवीन लिहा. तारीख खोटी तर कागद खोटा. मग तुम्ही नि मी कोण? दोघंपण खोटे.”

मी चिडून नवीन पावती फाडली. तुम्ही चष्मा लावून ती दोनदा वाचलीत, घडी घालून खिशात ठेवलीत आणि मग म्हणालात, “चाय टाक गो बेबी.” म्हणजे भांडण संपलं.

कोपऱ्यातली खोली मी एका तरुण जोडप्याला अकरा महिन्यांच्या करारावर दिली होती, तेव्हाचंही आठवतं. त्यांनी वॉशिंग मशीन आणून गॅलरीत ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडली. मी जिन्यात उभी राहून त्या मुलीवर ओरडले, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं. तीही काही कमी नव्हती. संध्याकाळी तुम्ही मला वर बोलावून घेतलंत. तेव्हा काकू होत्या, तुमचा जोडीचा संसार होता. त्यांनी पुढ्यात घावणे ठेवले आणि तुम्ही माझी शाळा घेतलीत.

“जिन्यात कधी भांडायचं नाय, बेबी. जिन्यात चार जणं ऐकत असतात, मग कोणी माघार घेत नाय. घरात बोलव. पाणी दे. बसव. मग सांग. आणि जे काय ठरलं ते त्याच दिवशी कागदावर घे. तारीख घाल, दोघांच्या सह्या. उद्यावर टाकलंस की माणूस बदलतो.”

मी तसं केलं. मशीन आत गेलं, आणि जाताना ती मुलगी मला डबाभर लाडू देऊन गेली. पुढे गळतीची भांडणं झाली, गॅलरीतल्या कुंड्यांची झाली, एकाने न विचारता पोटमाळा बांधला त्याचं झालं. सगळी मी तुमच्या पद्धतीने मिटवली. माझ्या भाडेकरूंनी मला कधी कोर्टात नेलं नाही, याचं श्रेय माझं नाही. हे तुम्हाला मी कधी बोलून दाखवलं नाही. भाडेकरूला मालकाने असं सांगायचं नसतं, असा एक उगाचचा ताठा होता माझ्यात.

मग काकू गेल्या आणि प्रदीप तुम्हाला बदलापूरला घेऊन गेला. खोलीला कुलूप लागलं. महिन्यातून एका रविवारी तुम्ही यायचात, दार उघडायचात, देवाला दिवा लावायचात, तासभर बसून परत. बल्ब मात्र महिनाभर जळत असायचा. सगळ्या चाळीला ठाऊक होतं आणि मलाही. भाऊंच्या वेळेपासून बंद खोल्यांमधून असे बल्ब जळतच आले आहेत. मी काही म्हटलं नाही. चार वर्षं म्हटलं नाही.

म्हटलं ते त्या नळामुळे.

माघात तुम्ही आलात त्या रविवारी दुपारी हात धुवायला मोरीतला नळ उघडलात. त्या वेळी नळाला पाणी नसतं. नळ कोरडा, म्हणून तुम्ही तसेच वळलात, कुलूप लावलंत आणि गेलात. सोमवारी सकाळी साडेसहाला पाणी आलं. मोरीची जाळी तुंबलेली, त्यामुळे तुमची मोरी भरली, खोली भरली, आणि ते सगळं खाली परबवहिनींच्या खोलीत उतरलं. त्यांच्या नातीची दहावीची वह्या-पुस्तकं कॉटखाली होती. ती मुलगी भिजल्या वह्या छातीशी धरून गॅलरीत उभी होती, रडतही नव्हती. वर कुलूप, किल्ली बदलापुरात. प्रदीपला फोन केला तर म्हणाला, “ताई, मी ट्रेनमध्ये आहे, संध्याकाळी बघतो.” अखेर अख्ख्या चाळीचा मेन कॉक बंद केला आणि सगळ्या बिऱ्हाडांनी तो दिवस बिनपाण्याचा काढला.

तुम्हाला फोनवर विचारलं तर तुम्ही काय म्हणालात? “नळाचा वायसर गेलेला असणार. आयुष्य गेलं माझं त्या चाळीत, मी नळ उघडा ठेवून जाईन?”

एक शब्द हवा होता मला. ‘राहिला गो’ एवढाच. तो आला नाही. माझं डोकं फिरलं आणि मी वकिलांकडे गेले. खोली सहा महिन्यांहून जास्त काळ विनाकारण बंद आहे, ताबा परत द्यावा, अशी नोटीस गेली. खोटं कशाला बोलू, वह्या भिजल्या त्याचा राग होता तसाच एक हिशोबही होता मनात. ती खोली हातात आली असती तर मला आजच्या भाड्याने अकरा महिन्यांच्या करारावर देता आली असती. म्हातारपणाची सोय झाली असती. मालक म्हणून माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही पूर्ण वाटत नाही.

होळी झाली आणि तुम्ही आलात. एक बॅग, एक कुकर आणि औषधांचा डबा घेऊन. माझ्या दारावरून जाताना थांबलात सुद्धा नाही. वरच्या पायरीवरून सांगितलंत, “मालकीणबाई, खोली आता बंद नाय. लिहा तुमच्या वकिलाला.”

किती राग आला होता मला! आणि किती बरं वाटलं होतं. दोन्ही एकदम.

तुम्ही एकटे राहू लागलात. सकाळी साडेसहाला वरून पिंप भरल्याचा आवाज यायचा, त्यावर मी उठायचे. भाजी, दूध, औषध, दिवसातून दोन वेळा तुमचं खाली-वर. वर चढताना तुम्ही तीनदा थांबायचात, त्यातला दुसरा थांबा माझ्या दारासमोरचा. मी तिथे एक खुर्ची आणून ठेवली. दूधवाल्यासाठी ठेवली म्हणून सांगितलं. तुम्ही विचारलंत, “दूधवाला बसतो कधी?” आणि बसलात. त्यानंतर रोज संध्याकाळी तुम्ही खुर्चीत, मी उंबऱ्यात, मध्ये चहा. बोलणं म्हणजे भांडणच. जिन्यातला दिवा कोणी घालवायचा, गच्चीवर पापड वाळत घालायचा हक्क कोणाचा, वायसर की उघडा नळ. वायसरवर तर आपण आषाढ सगळा काढला. नोटिशीचा विषय दोघांनीही काढला नाही.

मला आई गेल्यापासून, भाऊ गेल्यापासून, संध्याकाळी कोणी वाट बघायला नव्हतं. आता कोणीतरी होतं. हे मी स्वतःशीसुद्धा मोकळेपणी कबूल केलं नव्हतं, आज करते आहे.

श्रावणात मला ताप भरला. चार दिवस अंथरुणात होते. तुम्ही वरून पेज करून आणायचात, दोन मजल्यांच्या मधला तो जिना एका हाताने कठडा आणि एका हाताने टोप धरून उतरायचात. सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा. “श्रावण आहे अण्णा,” मी म्हटलं. “तापाला श्रावण नसतो. खा,” म्हणालात. ताप उतरला त्या दिवशी मी वकिलांना फोन केला की हे प्रकरण थांबवा. त्यांनी पत्र तयार करून पाठवलं. नोटीस आम्ही मागे घेत आहोत, खोलीच्या वापराबद्दल आमची तक्रार नाही. मी सही केली. पत्रावर त्याच दिवसाची तारीख होती.

आता जे सांगायचं राहिलं ते सांगते, अण्णा.

पत्र घेऊन मी वर आले होते. तुम्हाला वाटलं मी टोप परत द्यायला आले, कारण टोपही हातात होता. पत्र त्यातच ठेवलं होतं. तुम्ही कॉटवर बसून पाय चोळत होतात. मला बघून म्हणालात, “डॉक्टर म्हणतो जिने बंद करा. तुझ्या नोटिशीची भानगड मिटली ना बेबी, की मी चाललो बदलापूरला. तिथे लिफ्ट आहे. नातू रोज फोन करतो, आजोबा कधी येणार.”

मी टोपातून पत्र काढून घेतलं, टोप ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, “मग हळू चढत जा.”

एवढंच म्हटलं. खाली आले आणि पत्र पावतीपुस्तकांच्या खाली ड्रॉवरमध्ये ठेवलं. गणपतीनंतर देऊ म्हटलं. मग दसऱ्यानंतर. मग दिवाळी तर होऊ दे. रोज संध्याकाळी तुम्ही खुर्चीत बसलात की आधी बराच वेळ श्वास घ्यायचात, आणि मी चहा ओतत तो श्वास ऐकत असायचे. मला माहीत होतं. खोली राखायला म्हणून तुम्ही त्या पायऱ्या चढत होतात, आणि खोली तर राखून झाली होती. माझ्या एका वाक्याने तुम्ही लिफ्टच्या घरात गेला असतात. ते वाक्य मी गिळलं, कारण मग ती खुर्ची रिकामी झाली असती.

कार्तिकातल्या त्या सकाळी पाणी आलं आणि वरून पिंपाचा आवाज आला नाही. मी जागीच होते. परबवहिनी दारात आल्या, “ताई, अण्णांचा नळ ऐकू नाय आला हो.” आम्ही वर गेलो, दार ठोठावलं, मग कडी तोडली. तुम्ही कुशीवर झोपलेले होतात. पाय पांघरुणाच्या बाहेर होते, सुजलेले. वहिनी म्हणाल्या, “तोंडात पाणी घाला.” म्हणून मी फुलपात्र घेऊन मोरीत गेले.

नळाच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. तुमचं अक्षर.

‘जाताना नळ बंद केल्याची खात्री करणे. मागील खेपेस उघडा राहिला होता.’

खाली तुमची सही. त्याखाली तारीख. फाल्गुनातली, होळीनंतरची, तुम्ही बॅग घेऊन आलात त्याच दिवसाची.

माझ्या हातातलं फुलपात्र भरून वाहत होतं तरी मी नळ बंद केला नाही. आषाढभर तुम्ही माझ्याशी वायसरवर भांडलात अण्णा! आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या मोरीत लेखी कबुली देऊन बसला होतात. मला तोंडाने सांगणं जमलं नाही तुम्हाला, पण कागदावर खोटं लिहिणंही जमलं नाही. मी तिथेच रडले. वहिनींना वाटलं तुम्ही गेलात म्हणून रडते आहे.

प्रदीप सामान न्यायला आला तेव्हा माझ्या दारात थांबला. खुर्चीकडे बघितलं पण बसला नाही. जिन्यातच बोलला. आवाज चढवला नाही त्याने, चढवला असता तर बरं झालं असतं.

“ताई, आमच्याकडे लिफ्ट आहे. मी किती वेळा म्हटलं, सोडा ती खोली. म्हणायचे, नोटीस आहे, हललो तर खोली गेली. तुमच्या नोटिशीपायी गेले बाबा. एका खोलीसाठी.”

माझ्याकडे उत्तर होतं. नोटीस मी केव्हाच मागे घेतली होती, हे उत्तर होतं. पण ते दिलं असतं तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता. खोलीच्या लोभाने म्हातारीने आपल्या बापाला मारलं असं त्याने समजावं, हे मला त्या घटकेला परवडलं. खरं त्याहून वाईट होतं.

चाळीतले लोक समजूत काढतात. अण्णांचा जीव इथेच होता हो, नोटीस नसती तरी ते इथेच राहिले असते, इथे ते आनंदात होते. असेलही. पत्र वाचून तुम्ही घडी घालून खिशात ठेवलं असतंत आणि म्हणाला असतात, चाय टाक. किंवा दुसऱ्या दिवशी बॅग भरली असतीत. मला आता कधीच कळणार नाही, कारण ते ठरवायचं तुमचं होतं आणि मी ते तुमच्या हातात दिलं नाही. याबद्दल क्षमा मागायला मी तुमच्या खोलीसमोर दोनदा जाऊन आले. कुलूप बघून परत आले.

सोमवारी वकिलांना फोन केला. खोलीवर आता प्रदीपचं नाव लागेल, त्याला त्रास द्यायचा नाही, म्हटलं, नोटीस मागे घेतल्याचं त्याला लेखी द्यायचं आहे. ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, “ते जुनं पत्र फाडून टाका. मी आजच्या तारखेचं नवीन करून पाठवतो. उगाच त्या मुलाच्या मनात शंका नको, आणि तुम्हालाही त्रास नको.”

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं, अण्णा. नवीन पत्र आलं, सहीसुद्धा केली मी. दोन्ही पत्रं दोन दिवस टेबलावर शेजारी शेजारी होती. मजकूर शब्द न् शब्द तोच. आजच्या तारखेचं पत्र दिलं की मी एक उशिरा शहाणी झालेली मालकीण, एवढंच. बरी दिसते मी त्या पत्रात.

काल नवीन पत्र फाडलं.

रविवारी प्रदीप येणार आहे, पावतीवर नाव लावायचं बोलायला. मी त्याला जिन्यात गाठणार नाही. घरात बोलवीन, पाणी देईन, बसवीन आणि श्रावणातलं ते पत्र त्याच्या हातात देईन. तुमचा मुलगा आहे, आधी तारीख बघेल. मग माझ्याकडे बघेल. त्यानंतर तो काय बोलेल ते मी बसून ऐकेन, मध्ये बोलणार नाही.

मग वर जाऊन बल्ब चालू ठेवायचा की बंद करायचा, ते त्याचं त्याला ठरवू दे.